पहाटे 4 वाजून 21 मिनिटांच्या आधी

कोयनानगरपासून कांदिवली सरळ रेषेत सुमारे 220 किलोमीटरवर आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात जमिनीच्या पोटात खडक तुटला आणि तो हादरा मिनिटाभरात मुंबईच्या उपनगरांत येऊन पोहोचला. भूकंपाचं आकारमान 6.3. कोयना परिसरात सुमारे 180 माणसं दगावली, 2,000 हून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरमधली बहुतेक घरं राहण्यालायक उरली नाहीत.

त्या रात्रीचा घटनाक्रम इथे पुन्हा मांडायचा आहे, पण थोड्या वेगळ्या नजरेने. 1967 साली जीपीएस नव्हतं. त्याचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सुटला. आज उपग्रहांच्या मदतीने खडकात रोवलेल्या खुणेची जागा मिलिमीटरपर्यंत मोजता येते आणि जमिनीखालचा भ्रंश, म्हणजे फॉल्ट, कुठे अडकलाय, कुठे सरकतोय हे त्यावरून काढता येतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी पाहू. तेव्हा काय घडत होतं, आणि आजच्यासारखा एखादा रिसीव्हर कोयनेच्या खडकावर बसवलेला असता तर त्याच्या नोंदीत काय उमटलं असतं.

6 वर्षे आधी

1961 मध्ये कोयना धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. 103 मीटर उंच भिंत आणि तिच्यामागे शिवाजीसागर जलाशय. पूर्ण भरल्यावर त्यात तेव्हा सुमारे 280 कोटी टन पाणी मावत असे. एवढं वजन सह्याद्रीच्या एका अरुंद खोऱ्यात आलं. त्याचबरोबर भेगाभेगांतून पाण्याचा दाब हळूहळू खाली झिरपू लागला. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट दाबून धरतात, म्हणून तो सहजासहजी सरकत नाही. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते. 1962 पासून लोकांना धक्के जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. मग परिसरात भूकंपमापक बसवले गेले. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी तोवरची समजूत होती.

रिसीव्हरला या सहा वर्षांत जमिनीचा श्वास दिसला असता. पावसाळ्यात जलाशय भरला की त्याच्या भाराने काठची जमीन काही मिलिमीटर खाली दबते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येते. आजच्या नोंदींत असं वार्षिक चढउताराचं चित्र नेहमी सापडतं. भ्रंशाची खबर या चढउताराखाली दडलेली असते. ती वेगळी काढायची तर आधीची कित्येक वर्षं सलग मोजलेली असावी लागतात.

3 महिने आधी

1967 च्या पावसाळ्यात जलाशयातलं पाणी आधीच्या वर्षांपेक्षा वर चढलं आणि जास्त काळ वरच राहिलं. 13 सप्टेंबरला 5 पेक्षा मोठा भूकंप झाला. पुढे डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाच्या पातळीची आकडेवारी भूकंपांच्या नोंदींशी ताडून पाहिली. पाणी किती भराभर चढलं, किती उंच गेलं आणि किती काळ टिकलं, या तिन्हींचा धक्क्यांशी संबंध असल्याचं त्यांनी दाखवलं. धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत कोयनेचा 11 डिसेंबरचा भूकंप आजही जगात सर्वांत मोठा मानला जातो.

13 सप्टेंबरच्या धक्क्यानंतर रिसीव्हरने फार महत्त्वाची माहिती दिली असती. 5 च्या आसपासचा भूकंप भ्रंशाचा छोटासा तुकडा सरकवतो. त्या तुकड्यालगत स्थानकांचं दाट जाळं असेल तर नेमका कोणता भाग मोकळा झाला आणि शेजारच्या कोणत्या भागावर ताण वाढला, याचा अंदाज बांधता येतो. धोका कोणत्या बाजूला सरकला हे त्यातून कळू शकतं. दिवस आणि वेळ मात्र त्यातूनही कळत नाही.

24 तास आधी: 10 डिसेंबर, पहाटे 4:21

रविवारची पहाट. एका दिवसात रिसीव्हर नेमकं काय करतो ते इथे पाहू.

कांदिवलीत आज हे यंत्र रस्त्यावर दिसतं. मेट्रोच्या खांबांची जागा ठरवताना दिसलं, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या आवारात दिसतं. एक माणूस काठीवर पांढरी, थाळीसारखी अँटेना धरून कुंपणाच्या कोपऱ्यावर उभा राहतो. काठीवरच्या पाणपातळीतला बुडबुडा मधोमध आणतो, हातातल्या पडद्याकडे बघत काही सेकंद थांबतो आणि पुढच्या कोपऱ्याकडे जातो. सगळे त्याला डीजीपीएस सर्व्हे म्हणतात. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारे रेडिओ तरंग ही अँटेना पकडते. त्यांतल्या एका मुख्य तरंगाची लांबी 19 सेंटिमीटर असते. तरंगाचा कितवा भाग अँटेनापाशी आला हे यंत्र मोजतं, म्हणून जागा सेंटिमीटरपर्यंत ठरते. प्लॉटची हद्द आखायला तेवढं पुरतं.

भ्रंशासाठी तेवढं पुरत नाही. तिथे अँटेना हातात धरायची सोय नाही. मातीचा थर ओलांडून अस्सल कातळ गाठावा लागतो, त्यात भोक पाडून पोलादी गज रोवावा लागतो आणि अँटेना त्यावर कायमची बसवावी लागते. मग रात्रंदिवस, वर्षानुवर्षे नोंद चालू राहते. उपग्रहांच्या कक्षा, वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतभारित कण, हवेतली वाफ, खाली जवळच्या झाडावरून परतून येणारे तरंग, प्रत्येक गोष्टीमुळे आकडा थोडा हलतो आणि प्रत्येकीची दुरुस्ती करावी लागते. सह्याद्रीच्या पावसाळ्यात हवेतली वाफ सगळ्यांत जास्त त्रास देते. एवढं केल्यावर दिवसभराच्या नोंदींतून एक जागा निघते. आडव्या दिशेत ती दोन-तीन मिलिमीटरपर्यंत विश्वासार्ह, उभ्या दिशेत त्याहून बरीच कमी.

10 डिसेंबरचा तो एक ठिपका बहुधा आदल्या दिवशीच्या ठिपक्याशेजारीच बसला असता.

10 तास आधी: संध्याकाळी 6:21

सूर्य मावळलेला. मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष, डोंगरात थंडी.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. दिवसाचा हिशेब मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा. कोयना, कऱ्हाड, कांदिवली, सगळं एकत्रच सरकतं. त्यामुळे या गतीने कोयनेत भूकंप होत नाही. भूकंप होतो तो शेजारच्या दोन ठिकाणांच्या गतीत फरक असला तर. हिमालयाच्या पायथ्याशी हा फरक वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इतका आहे, जीपीएसला तो ठळक दिसतो. द्वीपकल्पीय भारतात तो वर्षाला मिलिमीटरच्याही आत असतो. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था, पवईची आयआयटी मुंबई अशा संस्थांनी पश्चिम भारतात जीपीएसची मोजमापं केली आहेत. त्या कामातली खरी अडचण हीच की जे शोधायचं ते यंत्राच्या चुकीपेक्षाही लहान आहे. मग उपाय एकच, वर्षांची संख्या वाढवणं. पाच वर्षांत न दिसणारा फरक वीस वर्षांच्या सलग नोंदीत दिसू शकतो.

हा फरक साठतो कसा, हे 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने सांगितलं. भूकंपाच्या आधी आणि नंतर केलेली त्रिकोणमापनं त्याने एकत्र मांडली. भ्रंशापासून लांबची जमीन सरकत राहते, भ्रंशालगतची अडकून बसते, मधला खडक ओल्या कांबीसारखा वाकत जातो आणि पकड सुटली की झटक्यात सरळ होतो. आजचं सगळं जीपीएसचं काम याच विचारावर उभं आहे. त्रिकोणमापनाला लागणारी दशकं आता वर्षांवर आली आहेत.

6 तास आधी: रात्री 10:21

भ्रंशाला सरकायचे दोन मार्ग असतात, हे 1967 साली फारसं कुणाला माहीत नव्हतं. एक मार्ग झटक्याचा, त्याला आपण भूकंप म्हणतो. दुसरा संथ. 1999 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची जीपीएस स्थानकं काही आठवडे नेहमीच्या उलट दिशेने सरकली. जमीन हादरली नाही, भूकंपमापकांवर भूकंपाची नोंद झाली नाही. समुद्रतळाखालच्या भ्रंशाचा खोल भाग आवाज न करता सरकला होता. पुढे अशा संथ घसरणी जपान, न्यूझीलंड, मेक्सिको असं करत ठिकठिकाणी सापडल्या.

संथ घसरण कधी सुटका करते, कधी संकट जवळ आणते. सरकलेल्या भागावरचा ताण उतरतो, पण शेजारी अडकून बसलेल्या भागावर तो चढतो. चिलीत 1 एप्रिल 2014 च्या इकिके भूकंपाच्या आधी किनाऱ्यावरची स्थानकं काही आठवडे समुद्राकडे सरकत होती. जपानच्या 2011 च्या महाभूकंपाच्या दोन दिवस आधी, 9 मार्चला, 7.3 चा भूकंप झाला आणि त्यानंतरही भ्रंश थोडा-थोडा सरकत राहिला. पुढे काय होणार होतं हे ठाऊक असल्यामुळे आज त्या नोंदींचा अर्थ लागतो. अशाच किती संथ घसरणी मोठा भूकंप न होताच थांबतात.

कोयनेत त्या रात्री 10 च्या सुमारास जमिनीखाली असं काही चालू होतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. सप्टेंबरनंतरचे तीन महिने त्या खडकावर एखादी अँटेना असती तर निदान हा प्रश्न विचारता आला असता.

2 तास आधी: मध्यरात्रीनंतर 2:21

चंद्र मावळतीला गेलेला. खोरं झोपलेलं.

मोठ्या भूकंपांआधीच्या अशा दोन तासांवर 2023 साली मोठी चर्चा झाली. क्वेंटिन ब्लेतेरी आणि जाँ-मॅथ्यू नोके या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 7 आणि त्याहून मोठ्या 90 भूकंपांच्या आधीच्या जीपीएस नोंदी एकत्र केल्या. दर पाच मिनिटांना एक जागा, अशा 3,000 हून अधिक मालिका. एका स्थानकाच्या पाच मिनिटांच्या नोंदीत सेंटिमीटरभराची चूक सहज असते, म्हणून एकट्या भूकंपात काही दिसणं अशक्य. पण सगळ्या मालिका रचून बेरीज केली तेव्हा भूकंपाच्या सुमारे दोन तास आधीपासून भ्रंश सरकण्याच्या दिशेने जमीन वाढत्या वेगाने हलताना दिसली, असा त्यांचा दावा होता. ‘सायन्स’मध्ये तो छापून आला आणि जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांत आशेची लाट उसळली.

त्यांनी सारी माहिती खुली ठेवली होती, म्हणून काही दिवसांतच तिची फेरतपासणी झाली. एकाच भागातल्या सगळ्या स्थानकांत एकाच वेळी उमटणारा गोंगाट काढून टाकला की ही वाढती हालचालही नाहीशी होते, असं इतर शास्त्रज्ञांना आढळलं. भ्रंशाची पूर्वसूचना म्हणून जे दिसलं ते मोजमापातल्या सामायिक चुकीतून आलेलं असू शकतं. वाद अजून मिटलेला नाही, पण दोन तासांची सूचना देणारं यंत्र आज कुणाकडेही नाही. भ्रमणध्वनीवर फिरणारे ‘आज रात्री भूकंप होणार’ असे निरोप म्हणूनच विश्वास ठेवण्यासारखे नसतात. ज्यांनी आयुष्यभर हे मोजलं त्यांनाही तास सांगता येत नाही.

1 मिनिट आधी: 4:20

धरणाच्या पायाजवळच्या गॅलरीत एक प्रवेगमापक बसवलेला होता. मोठा हादरा आला की आपोआप सुरू होणारं यंत्र. आजूबाजूला काळोख. त्या क्षणापर्यंत त्याला नोंदण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या मिनिटातही रिसीव्हरचा आकडा बहुधा जागचा हलला नसता.

शून्य: 4 वाजून 21 मिनिटे

जमिनीखाली काही किलोमीटरवर पकड सुटली. उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या, जवळजवळ उभ्या भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. पलीकडची बाजू डावीकडे गेली. फाटण्याचं टोक सेकंदाला दोन-तीन किलोमीटर या वेगाने भ्रंशावरून धावतं. 6.3 एवढ्या भूकंपात हे सगळं आठ-दहा सेकंदांत आटोपतं आणि सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास घसरण होते. भ्रंशापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवरची अँटेना या दहा सेकंदांत दहा-वीस सेंटिमीटर बाजूला गेली असती आणि तिथेच राहिली असती. आधीच्या सहा वर्षांत मिलिमीटरही मोजायला जड गेले असते, त्या आलेखात ही एक उभी पायरी दिसली असती.

10 सेकंद नंतर

गॅलरीतलं यंत्र जागं झालं होतं. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेत गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पट प्रवेग नोंदवला, प्रवाहाच्या दिशेत 0.49 पट आणि उभ्या दिशेत 0.34 पट. धरणाचं संकल्पचित्र तयार करताना धरलेला आकडा 0.05 होता. माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली भिंतीचा पाण्याविरुद्ध बाजूचा उतार बदलतो. तिथे, भिंत जिथे बारीक होत जाते, आडव्या भेगा पडल्या.

भिंत उभी राहिली. ती गेली असती तर पाणी कोयनेच्या पात्रातून कऱ्हाडला, कृष्णेच्या संगमावर आणि पुढे उतरलं असतं. तेवढ्यावर निभावलं, हे त्या पहाटेचं सगळ्यांत मोठं दान. नंतर भेगा बुजवल्या, पोलादी तारांनी भिंत ताणून बांधली आणि मागून काँक्रीटचे भक्कम आधार दिले.

35 सेकंद नंतर

पहिले तरंग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर वेगाने येतात. ते कांदिवलीत पोहोचले असतील तेव्हा घड्याळात अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ गेला असेल. कांदिवली मुंबई महापालिकेत येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. हा पहिला धक्का हलका असतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

1 मिनिट नंतर

आता दुसरे तरंग, आडवे हलवणारे. मुंबईत माणसं जागी झाली, घराबाहेर आली. कोयनेतून येणारी वीज बंद पडली आणि तिच्यावर चालणारे शहरातले उद्योग थंडावले.

दोन तरंगांमधला हा अर्ध्या मिनिटाचा अवकाश आणि तरंग यायच्या आधीचा तेवढाच वेळ, यावर जपान, मेक्सिको, अमेरिकेचा पश्चिम किनारा इथल्या सूचना यंत्रणा चालतात. भूकंप सुरू झाल्यावर तो लांबच्या गावाला पोहोचण्याआधी कळवायचं, एवढंच त्या करतात. पण तेवढ्यात आगगाडीचा वेग कमी करता येतो, लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबवता येते.

3 मिनिटे नंतर

मोठ्या भूकंपात इथे जीपीएसचं खरं मोल कळतं. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये पहिल्या तीन मिनिटांत भूकंपमापकांवरून 7.9 हा आकडा काढला गेला. प्रत्यक्षात भूकंप 9.0 चा होता. एवढ्या मोठ्या हादऱ्यात सुरुवातीच्या तरंगांवरून काढलेला आकडा अडतो, पुढे चढत नाही. त्सुनामीच्या पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची त्यामुळे कमी सांगितली गेली. त्याच वेळी ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस स्थानक 5 मीटरहून जास्त पूर्वेला सरकलं होतं आणि मीटरभर खाली गेलं होतं. अँटेना किती सरकली हे सरळ मोजलं जातं, तिथे आकडा अडत नाही. ती माहिती त्याच मिनिटांत वापरता आली असती तर इशारा खरा गेला असता. त्यानंतर जपानने आपलं जीपीएस जाळं तत्काळ हिशेबाला जोडलं.

1 तास नंतर: 5:21

कोयनानगरमध्ये अजून अंधार. सूर्योदयाला दीड तासापेक्षा जास्त वेळ. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या होत्या आणि थंडीत, दिव्याशिवाय, हाताने ढिगारे उपसायचे होते. जमीन थांबून थांबून हादरत होती. मदतीसाठी रस्ता घाटाचा. या तासाबद्दल शास्त्राकडे सांगण्यासारखं काही नाही. या तासात शेजारीच कामाला येतो.

सकाळी 7 नंतर

उजेड झाला. पुढच्या दिवसांत भूशास्त्रज्ञ खोऱ्यात उतरले, तेव्हा दोणीचावाड्याच्या बाजूला जमिनीला पडलेल्या भेगा त्यांना दिसल्या. एकाआड एक, तिरक्या, पायऱ्यांसारख्या रचनेतल्या. आडवी घसरण खालून वर येते तेव्हा पृष्ठभाग असाच फाटतो. खालचा भ्रंश कोणत्या दिशेने गेलाय हे त्या भेगांनी सांगितलं.

आज असा भूकंप झाला की जीपीएसची माणसं त्याच दिवशी निघतात. जुन्या खुणांवर अँटेना लावतात आणि प्रत्येक खूण किती, कुठल्या दिशेला सरकली याचा नकाशा करतात. मग उलटा हिशेब मांडतात. पृष्ठभाग असा सरकायचा असेल तर खालचा भ्रंश केवढा, किती खोल, किती तिरपा आणि कुठे किती घसरला असला पाहिजे? 26 जानेवारी 2001 ला भुज हादरलं, तेव्हा भ्रंश जमिनीवर आलाच नाही. मग शास्त्रज्ञ ब्रिटिशांच्या काळातल्या त्रिकोणमापन सर्वेक्षणाच्या खुणा शोधत कच्छमध्ये फिरले. एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीने आणि साखळीने मोजलेल्या त्या दगडी खुणांवर त्यांनी जीपीएस ठेवलं आणि दोन मोजमापांतल्या फरकावरून जमिनीखालचा भ्रंश चाचपला. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी काळजीने मोजून ठेवलं होतं, म्हणून ते जमलं.

त्यानंतरची वर्षे

कोयनेनंतर देशाचा भूकंप नकाशा 1970 मध्ये बदलावा लागला. 30 सप्टेंबर 1993 ला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसं गेली. पठार स्थिर असल्याची समजूत दुसऱ्यांदा मोडली. कोयना-वारणा पट्टा 1967 नंतर आजतागायत हादरतो आहे. गोठणे इथे 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल भोक पूर्ण झालं, लाव्हाचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेलेलं. कऱ्हाडजवळच्या एका संस्थेतून तिथला दाब, तापमान, खडकाची ताकद यांचा अभ्यास चालतो. एवढ्या लहान जागेत इतकी वर्षं धक्के देणारा भ्रंश जगात फार कमी ठिकाणी इतक्या हाताशी आहे. वर अँटेना, खाली भोकातली यंत्रं, दोन्हींची नोंद सलग चालू राहिली तर भ्रंश सुटण्याआधी काय करतो, या प्रश्नाचं उत्तर इथल्याच खडकातून निघण्याची शक्यता आहे. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही, आणि एखाद्या वर्षी निधी आटला की नोंदीत पडलेलं खिंडार पुन्हा कधी भरून येत नाही. म्हणून कोयनेतली प्रत्येक अँटेना जपली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

आता, कांदिवली

मुंबईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं घराबाहेर तंबूत झोपली. कांदिवलीपासून ते अंतर कोयनेच्या निम्म्याहून कमी आहे.

भुजच्या भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे असलेल्या अहमदाबादमध्ये इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं मेली. कोयनेपासून कांदिवली साधारण तेवढीच लांब आहे. भुजचा भूकंप कोयनेपेक्षा फार मोठा होता, अहमदाबादखाली नदीच्या गाळाचा जाड थर आहे, हे फरक मान्यच. पण पडलेल्या इमारतींत एक गोष्ट वारंवार दिसली. वर भिंतींनी भरलेले मजले आणि तळाला पार्किंगसाठी नुसते खांब. कांदिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाकडे खडक वर आहे, पश्चिमेला खाडीकडे जमीन मऊ आणि भरावाची आहे. दोन्हीकडे पुनर्विकास जोरात आहे. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आला की खर्चाचं निमित्त करून तो पुढच्या वर्षावर टाकू नये. नव्या इमारतीच्या बैठकीत चटई क्षेत्राइतकेच प्रश्न तळमजल्याच्या खांबांविषयी विचारावेत. सल्लागाराने भूकंपाचा हिशेब केलाय का, कोणती माती धरलीय, हे लेखी मागावं.

उलटी मोजणी करता येते ती घटना होऊन गेल्यावर. आधी तिचा शून्य कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. उपग्रहांच्या मोजमापाने तास कळत नाही. कोणता भ्रंश किती वेगाने भरतोय एवढंच कळतं, आणि तेही मोजणी कित्येक वर्षं आधी सुरू झाली असेल तर. तोपर्यंतचे सगळे तास आपल्या हातात आहेत. भ्रंशाची नोंद ठेवणं हे शास्त्रज्ञांचं काम आहे. खांब तपासून घेणं हे आपलं आहे, आणि त्यासाठी कोणत्याही उपग्रहाची वाट पाहायची गरज नाही.